कोंबड्यांखालची मशीन

वेल्डिंगचा जोड दोन प्रकारचा असतो. धरणारा, आणि धरल्यासारखा दिसणारा. दुसऱ्या प्रकारच्या जोडाला रंग लावायची फार घाई असते.

आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याचं दुकान आहे. आयटीआयमधून वेल्डर होऊन निघाले, तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. खिडक्या, जाळ्या, फाटकं, ट्रॉल्या, जे येईल ते जोडते. सुरुवातीला एक गृहस्थ नांगराचा तुटलेला फाळ घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री कुठाय?"

"मीच."

"बरं. मंग मिस्त्री येईपर्यंत बसतो."

बसले. मी फाळ जोडला, घासला, थंड करून पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मिस्त्री मागच्या दारानं येऊन गेला काय?" दुकानाला मागचं दार नाही. हे गृहस्थ आजही माझ्याकडेच येतात आणि आजही आत डोकावून बघतात.

माझे वडील चळवळीच्या सभा-मेळाव्यांत पुस्तिका विकायचे. चार पानी, आठ पानी, गुलाबी आणि पिवळ्या कागदाच्या. उरलेल्या पत्रकांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची आणि मी वाचायला शिकले ती त्या कव्हरांवरून. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट आधी पत्रकासारखीच सुचते. आमच्या दुकानात इंजिनाची कामं करणारे गफूरचाचा सत्तरीचे आहेत. मी बोलायला लागले की ते हात पुढे करून म्हणतात, "भाषण हुआ? मंग दे आता चौदाचा पाना."

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगते. विजेचं एक टोक लोखंडाला लावायचं, दुसरं हातातल्या रॉडला. दोघांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवलं की ज्योत पेटते आणि लोखंड वितळून एकमेकांत मिसळतं. अंतर कमी झालं तर रॉड चिकटतो, जास्त झालं तर ज्योत तुटते. सगळी कला त्या दाण्याएवढ्या जागेत आहे. पण त्याआधी गंज घासून आतलं पांढरं लोखंड उघडं करावं लागतं. गंजावर टाका बसतो, धरत मात्र नाही. घासायला वेळ लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो, मिस्त्रीलाही नसतो.

मीही एकदा दिला नाही. दुकान टाकून वर्ष व्हायचं होतं. एका ट्रॉलीचा हूक तुटला होता, सोयाबीन भरून बाहेर उभी होती, मालक डोक्यावर उभा होता. "ताई, दोन टाके मार अन् काळा रंग फास." मी मारले आणि फासला. चार दिवसांनी चढावर हूक सुटला, ट्रॉली मागे आली आणि मागून चालणाऱ्या हमालाच्या पायाची दोन बोटं गेली. मालक म्हणाला, नशीब. हमालही म्हणाला, नशीब. नशीब नव्हतं ते, माझं काम होतं. मी त्या माणसाच्या घरी जाऊन तसं सांगितलं. त्यानं मला चहा दिला. तो चहा अजून उतरलेला नाही. त्या आठवड्यात मी दुकानाच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलं: गिऱ्हाइकाने उघडा जोड पाहिल्याशिवाय येथे रंग लावला जाणार नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू दे.

शेवंताबाई राठोड हे वाचूनच आत आल्या. डोंगरकड्याच्या पुढे टेकडीवर त्यांचा तांडा आहे. बाई पंचायतीच्या सदस्य, वय पन्नाशीच्या पुढे. हातात एक दुमडलेलं पत्र होतं.

"हे वाच अन् मला सांग, कोणाला किती राग यायला पायजे."

पत्रात लिहिलं होतं की तांड्यावरच्या पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड धोकादायक झाला आहे, सबब तो येत्या सोमवारी कापून टाकी उतरवून घेण्यात येईल. नवीन स्टँडचा प्रस्ताव विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचं आयुष्य आमच्याकडे माणसापेक्षा मोठं असतं.

खाली ओढ्याकाठी विहीर आहे आणि सोलरचा पंप दिवसा पाणी टेकडीवर चढवतो. टाकी उंचावर आहे म्हणून ते प्रत्येक आळीपर्यंत पोचतं. जमिनीवर ठेवली तर वरच्या आळीला थेंब जात नाही. टाकी गेली की बायकांनी पुन्हा टेकडी उतरायची, घागर भरायची आणि चढायची. शेवंताबाईंनी वीस वर्षं ते केलं होतं. सुनेनं करू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"सायबाला इचारलं मी, सोमवारच्या आत दुरुस्त केलं तर? म्हणला, बघू. 'बघू' म्हणला, 'न्हाई' म्हणला न्हाई."

त्याच दुपारी टेम्पोत नेहमीची वेल्डिंग मशीन टाकून मी आणि गफूरचाचा तांड्यावर गेलो. स्टँडचे तीन पाय ठीक होते. चौथा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गंजून पापड झाला होता. बोटानं दाबलं तर पोपडा निघत होता. काम सोपं होतं: टाकी रिकामी करायची, स्टँडला टेकू द्यायचा, सडलेला तुकडा कापायचा, नवा अँगल जोडायचा. पाय काँक्रीटमध्ये रोवलेला, त्यामुळे जोड जागेवरच लावावा लागणार. मशीन लाइनला जोडली, रॉड टेकवला आणि रॉड चिकटला. पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. मागून पिठाच्या गिरणीवाला ओरडला, "काय करून राहिले बाप्पा! चक्की बंद पडली!" तांड्यावरच्या बल्बांना जेमतेम पुरणारी वीज होती. माझ्या मशीननं ती प्यायली आणि तिचंही भागलं नाही.

गफूरचाचा म्हणाले, "इथं इंजिनवाली मशीन लागती."

इंजिनवाली मशीन म्हणजे स्वतःची वीज स्वतः करणारी. एका बाजूला डिझेल इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर, चाकांवर बसवलेला. जिथं तार पोचली नाही तिथं कालव्याची दारं आणि पाइपलाइनी अशाच मशीननं जोडल्या. चाच्यांनी तरुणपणी तिच्यावर दहा वर्षं काढली होती. भाड्याची मशीन नांदेडपर्यंत विचारली, सगळ्या कामावर गुंतलेल्या. मग चाच्यांना आठवलं की कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यामागे एक पडलेली असते.

असते म्हणजे होती. ढाबेवाले दादाराव आम्हाला मागे घेऊन गेले. बोरीखाली एक ढिगारा होता आणि त्यावर अकरा कोंबड्या बसल्या होत्या. एका कंत्राटदारानं जेवणाच्या उधारीपोटी मशीन सोडली आणि तो पुन्हा आला नाही.

"न्या की ताई. पण कोंबड्या कुठं बसवू?"

"तुम्हाला जाळीचं खुराडं करून देते. दोन मजली."

"अन् भट्टीचा स्टँड डुगडुगतो."

"तोही."

"मंग ह्या अकराजणी तयार हायेत," दादाराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः कोंबड्या उठवल्या.

बुधवारी मशीन दुकानात आली. सोमवार पाच दिवसांवर होता. विष्ठेचा थर निघाला तेव्हा खाली हिरवा रंग दिसला. पिस्टन जाम होता. चाच्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि म्हणाले, "मुरू दे. लोणच्याला अन् जाम इंजिनला घाई चालत न्हाई." गुरुवारी नोझल, टाकी, नळ्या साफ केल्या. शुक्रवारी सकाळी हँडल मारलं, इंजिन दोनदा खोकलं, बोरीचं एक पान सायलेन्सरमधून उडालं आणि ती सुरू झाली. पण जनरेटरमधून वीज शून्य.

"ती विसरली," चाचा म्हणाले.

असा जनरेटर आपल्या लोखंडात मागच्या कामाचं थोडं चुंबकत्व धरून ठेवतो आणि त्यावरून पुढची वीज तयार करतो. फार वर्षं पडून राहिला की ते उरत नाही. चाच्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणली, दोन वायरी आतल्या गुंडाळीला क्षणभर टेकवल्या आणि काढल्या. इंजिन पुन्हा सुरू केलं. मीटरचा काटा हलला. मग चढला. ज्याच्याकडे थोडंसं उरलेलं असतं त्यालाच जास्त मिळतं आणि ज्याचं सगळं गेलं त्याला कुणीतरी बाहेरून पहिला धक्का द्यावा लागतो, असं काहीतरी मी म्हणायला लागले. चाच्यांनी हात पुढे केला. मी पाना दिला.

काम अजून संपलं नव्हतं. जनरेटरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, कम्युटेटर म्हणतात. त्यावर कार्बनचे ठोकळे घासत वीज बाहेर आणतात. तो गोल काळा पडला होता आणि ठिणग्या उडत होत्या. चाच्यांच्या भाचीचं लग्न वसमतला शनिवारी होतं. जाताना ते म्हणाले, "मी येईपर्यंत हात लावू नको. आलो की साफ करू."

मी हात लावला. माझ्या डोक्यात सोमवार होता आणि माणसानं वाट बघत बसू नये असं मी लहानपणापासून गुलाबी कागदावर वाचलं होतं. शनिवारी सकाळी काळा एमरी पेपर घेतला आणि तो गोल घासून घासून नव्या ताटासारखा केला. स्वतःवर खूष होऊन इंजिन चालू केलं. ठोकळ्यांभोवती आगीचं कडं फिरलं. फटाक्यासारखा आवाज झाला, जळकट वास आला, मी इंजिन बंद करेपर्यंत एका ठोकळ्याची पितळी बैठक अर्धी वितळली होती.

चाच्यांना फोन केला. ते जेवणाच्या पंगतीतून उठून दुपारपर्यंत आले, अंगावर अत्तर, पायात नवे बूट. वाकून पाहिलं.

"कशानं घासलं?"

"एमरीनं."

"काचपेपर नव्हता?"

"होता."

त्यांनी नवे बूट काढून बाजूला ठेवले. रागावले असते तर बरं झालं असतं. एमरीची पूड विजेला वाट देते. ती तांब्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत बसते, एका पट्टीची वीज थेट शेजारच्या पट्टीत उडी मारते आणि सगळा गोल पेटतो. म्हणून तिथं फक्त काचपेपर. हे आयटीआयच्या पुस्तकात आहे. मी त्यावर पेन्सिलनं रेघ मारलेली आहे.

"चाचा, आता?"

"आता काय. ऐंशीच्या वर फटी हायेत. बैस."

त्यांनी हॅकसॉचं पान ग्राइंडरवर पातळ केलं आणि माझ्या हातात दिलं. एकेक फट खरवडायची, ब्रशनं झाडायची, शेजारच्या टायरच्या दुकानातली हवा मारायची, पुढची घ्यायची. जास्त दाबलं तर तांबं ओरखडतं, कमी दाबलं तर पूड राहते. शनिवारी संध्याकाळपर्यंत अर्ध्या झाल्या, रविवारी सकाळी उरलेल्या. वितळलेली बैठक चाच्यांनी भंगारातल्या पितळेतून कापून, कानस मारून बसवली. एवढ्या वेळात मला एकही पत्रक सुचलं नाही. शेवटची फट झाल्यावर चाच्यांनी स्वतः काचपेपर फिरवला, अगदी हलका, आणि म्हणाले, "चमकलं पायजे असं काई न्हाई बेटी. फिरलं पायजे."

रविवारी दुपारी आम्ही तांड्यावर पोचलो. टाकी रिकामी करून दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू दिले होते. चाच्यांनी दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं आणि ज्योतीकडे बघायचं नाही म्हणून दम दिला. सडलेला तुकडा कापला. वर आणि खाली पांढरं लोखंड येईपर्यंत घासलं. इंजिन धडधडायला लागलं. मी मास्क खाली घेतला, रॉड टेकवला आणि तो आवाज आला. वेल्डरला तो आवाज झोपेतही ओळखू येतो, तापलेल्या कढईत भजी सोडल्यासारखा, एकसारखा, न तुटणारा. अशा मशीनच्या सरळ, म्हणजे डीसी विजेची ज्योत किती शांत असते हे मी पहिल्यांदा अनुभवलं. चारी बाजूंनी जोड भरला, कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या दिल्या. उन्हं कलायच्या आत काम झालं. जोडावर थिजलेली मळी हातोडीनं उडवली आणि शेवंताबाईंना म्हटलं, "मावशी, बघून घ्या. मग रंग."

खरं सांगते, मला शाबासकी हवी होती. बाईंनी पदर खोचला, गुडघ्यावर बसल्या, जोडावरून बोट फिरवत गेल्या आणि मागच्या बाजूला थांबल्या.

"हितं भोक हाय."

"नाही हो."

"सुई जाईल येवढं. बघ."

होतं. सुई जाईल एवढंच, पण होतं. मागच्या बाजूला वाकून रॉड मारताना माझा हात क्षणभर उचलला गेला असणार.

"तुमाला कसं दिसलं?" चाच्यांनी विचारलं.

"भाकरी भाजतो आमी. कुठं फुगली न्हाई ते कळते." मग माझ्याकडे बघून, "लिवून ठेवलं तूच अन् चिडून काहून राहिली?"

मी चिडले नव्हते. म्हणजे थोडी चिडले होते. तो भाग ग्राइंडरनं खोलून पुन्हा भरला. बाईंनी पुन्हा बोट फिरवलं आणि मान हलवली. मग रंग लागला. त्या जोडाएवढा मला माझ्या कुठल्याही जोडाचा भरवसा नाही, कारण तो माझ्या एकटीचा नाही.

सोमवारी नऊला गाडी आली. गॅस कटर, दोन माणसं आणि एक सुपरवायझर. त्यांनी पत्र दाखवलं. मी जोड दाखवला. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, आम्हाला कापायचा आदेश आहे. दुरुस्तीचं काही लिहिलेलं नाही." झालं, मी सुरू झाले. आदेश कोण काढतं, पाणी कोण आणतं, ज्यांनी टाकी काढायचं ठरवलं त्यांच्या घरात घागर आहे का. माणूस शांतपणे ऐकत होता. मला वाटलं तो आता चिडेल. तो हातोडी मागून स्टँडजवळ गेला, जोडावर चार ठोके मारले, कान लावला.

"भरा टाकी. पूर्ण. मी बसतो."

मी त्या माणसाबद्दल मनात जे लिहिलं होतं ते तिथेच खोडलं.

टाकीच्या कडेवरून दोरी सोडून खाली ओळंबा बांधला आणि त्याच्या टोकाखाली जमिनीवर खिळा ठोकला. स्टँड कलला तर टोक खिळ्यावरून सरकणार. टेकू थोडे ढिले करून तसेच ठेवले. खाली कुणीही जायचं नाही. ऊन चढलं तसा सोलरचा पंप जोर धरू लागला. पाव टाकी. अर्धी. प्रत्येक वेळी पंप थांबवून आम्ही सगळे त्या टोकाकडे बघत बसलो. सुपरवायझर जेवले, त्यांच्या माणसांनी पत्ते खेळले. शेवंताबाई काही खायला तयार नव्हत्या. पाऊण टाकी झाली तेव्हा लोखंड एकदा कुरकुरलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. चाचा म्हणाले, "बसून राहिलं ते. नवं लोखंड जुन्याशी ओळख करून घेतं." टोक खिळ्यावरच होतं. दोनच्या सुमाराला टाकी भरून वाहिली. अर्धा तास थांबलो. टेकू काढले. पुन्हा अर्धा तास. टोक खिळ्यावरच.

सुपरवायझरनी पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं: पाय दुरुस्त केला आहे, पूर्ण भरून पाहिला, तूर्त उतरवण्याची गरज नाही. सही केली. शेवंताबाईंनी ते मला वाचायला लावलं, मग दुसऱ्या एकाला वाचायला लावलं, मग घडी करून कमरेला खोचलं. गाडी कटर घेऊन परत गेली.

कुणीतरी नळ सोडला आणि पाच मिनिटांत तिथं भांडण लागलं. माझी घागर सकाळपासून ठेवलेली. तुझी कळशी नंतर सरकवली. कोण म्हणतंय, मी डोळ्यांनी पाह्यलं. कुणी आभार मानले नाहीत, कुणाला वेळच नव्हता. मी आणि चाचा बाजूला उभे राहून ते भांडण एखाद्या गाण्यासारखं ऐकत होतो.

मशीनच्या रेडिएटरला परतीसाठी पाणी हवं होतं. चाचा डबा घेऊन सरळ नळाकडे गेले.

"ओ चाचा!" शेवंताबाईंच्या सुनेनं आवाज दिला. "लाइन लावा. मशीन तुमची असंल, पाणी नंबरानं."

चाच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा त्यांच्या हातातून घेतला. माझ्या आजीच्या लहानपणी पाण्यावर तिच्यासाठी लाइन नव्हती. लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर भरून घ्यायचं. मी आठ घागरींच्या मागे डबा ठेवला आणि उभी राहिले. थोड्या वेळानं माझ्या मागे दहावी कळशी येऊन टेकली, आणि ती ठेवणारी म्हणाली, "सरक ना बाई पुढं, जागा सोडून काहून उभी?"

मी सरकले.